वरसेरसाहेबांचा घसा

माणूस काम का करतो, हा प्रश्न मला परभणीला जाईपर्यंत कधी पडला नव्हता. मी स्वतः काम करत होतो ते घरी बसलो तर सासरे येऊन विचारतील या धास्तीनं, आणि बाकीचं जगही साधारण अशाच कारणानं कामाला लागलेलं असावं असा माझा समज होता. पण परभणीला आम्हा ओव्हरसियर मंडळींचं एक शिबिर भरलं, आणि पुण्याहून आलेल्या एका व्याख्यात्यांनी फळ्यावर लिहिलं : माणूस काम का करतो?

आम्ही सगळे एका सुरात ओरडलो, “पगारासाठी!”

व्याख्याते कीव आल्यासारखं हसले. “चूक. माणूस काम करतो तो उत्साहानं. उत्साह वाढवा, काम आपोआप वाढतं.”

टाळ्या झाल्या. सगळ्यात जास्त वेळ मी वाजवल्या. बाकीच्यांनी ते वाक्य परभणीच्या स्टेशनावरच सोडून दिलं. मी ते भूमला घेऊन आलो, आणि तिथून पुढं जे झालं त्याला तेच वाक्य जबाबदार आहे.

मराठवाडा मुंबई राज्यात येऊन तेव्हा दोनएक वर्षं झाली होती. जिकडं तिकडं विकासाचं वारं होतं आणि त्या वाऱ्यात मी, राघवेंद्र तडवळकर, भूमच्या कचेरीत हंगामी ओव्हरसियर म्हणून चिकटलो होतो. हंगामी म्हणजे असा जावई, की ज्याची ओळख करून देताना सासरे दर वेळी ‘सध्या’ हा शब्द घालतात. ‘हे आमचे जावई, सध्या भूमला असतात.’ त्या ‘सध्या’नं माझी बायको वनमाला दिवसभर अबोल व्हायची, आणि मग भाजीत मीठ जास्त पडायचं.

कायम होण्याचा एक रस्ता होता, आणि तो खरोखरीचाच रस्ता होता. भूमहून वाशीला जाणाऱ्या सडकेपासून चिंचखोरी गावापर्यंत दीड मैल मुरुमाचा रस्ता करायचा. उन्हाळा संपायच्या आत डेप्युटी साहेब स्वतः उद्‌घाटनाला येणार. रस्ता झाला तर मी कायम. नाही झाला तर मी सासऱ्यांकडं, सध्या.

कामावर चिंचखोरीचीच माणसं होती. मुकादम रामकिसन, आणि त्याच्या हाताखाली पुरुष-बायांची मोठी टोळी. या टोळीची एकंदर गती पाहिली तर रस्ता झाला असता, पण तो माझ्या नातवानं वापरला असता. बायांची पुढारी द्वारकाबाई. घमेलं उचलण्याआधी ती त्याच्याकडं इतका वेळ बघत उभी राहायची, की शेवटी घमेल्यालाच लाज वाटून ते आपणहून उठेल की काय असं वाटायचं.

मी उत्साह वाढवायला सुरुवात केली. रोज सकाळी कामाआधी सगळ्यांना बाभळीखाली बसवायचं आणि भाषण करायचं. ‘मित्रहो, तुम्ही केवळ मुरूम टाकत नाही, तुम्ही राष्ट्र उभारत आहात.’ पहिल्या दिवशी राष्ट्र अर्ध्या तासात उभं राहिलं. पुढं मला विषय सुचत गेले. इजिप्तमधले पिरॅमिड, रोमन लोकांचे रस्ते, श्रमाचं महत्त्व, आंघोळीचं महत्त्व. एके दिवशी मी समारोपाला आलो तेव्हा जेवणाची सुट्टी झाली होती. द्वारकाबाईनं जांभई दाबून विचारलं, “साहेब, भाषनाची बी हजेरी लागती का?”

“हजेरी तर लागलेलीच आहे,” मी म्हणालो.

“मंग बोला बोला,” ती म्हणाली आणि बुंध्याला टेकून तिनं डोळे मिटले.

भाषण संपल्यावरही मी त्यांना वाऱ्यावर सोडत नव्हतो. प्रत्येकाच्या मागं उभं राहून सूचना देत होतो. खोरं कुठं धरावं, पाटी डोक्यावर कशी तोलावी, घाम कोणत्या हातानं पुसला म्हणजे वेळ वाचतो. समोरचा माणूस हातातलं काम थांबवून अदबीनं ऐकून घ्यायचा. माझ्या शब्दाला एवढा मान होता, की मी ज्याच्याशी बोलेन तो जागच्या जागी स्तब्ध व्हायचा. मान इतका होता, पण मुरूम मात्र पडत नव्हता.

आमच्या शेजारी दत्तोपंत राहत. निजामाच्या अमदानीत ते तहसिलीत पेशकार होते, आणि पेन्शन घेऊन आता शेजाऱ्यांना सल्ले देण्याचं काम बिनपगारी करत. संध्याकाळी ओट्यावर सुपारी कातरत ते म्हणाले, “राघवेंद्रराव, तुमच्या त्या पुण्याच्या मास्तराला अक्कल न्हाई. उत्साह कशाचा? दहशत पाहिजे, दहशत! आमचे तहसीलदारसाब नुसते खाकरले की चपराशी आपोआप पळायचा.”

“कुठं पळायचा?”

“ते कुणाला माहीत? पण पळायचा!”

त्यांनी त्यांची जुनी सोला हॅट आणि एक छडी मला दिली. दुसऱ्या दिवशी ती हॅट घालून मी मुरुमाच्या ढिगावर चढलो, कारण दहशत उंचावरून जास्त बसते. छडी उगारली, खाकरलो. हॅट माझ्या मापाची नव्हती, ती डोळ्यांवर आली. मी हॅट सावरायला एक पाय मागं घेतला आणि ढीग घसरला. मी ढिगाच्या आत कमरेपर्यंत गेलो आणि हॅट पुढं घरंगळत गेली. तेव्हा पहिल्यांदा त्या टोळीची खोरी सपासप चालली. मला एवढ्या झपाट्यानं उकरून काढलं, की रामकिसनची ती मोजमापात मांडण्याजोगी कामगिरी होती. सगळ्या बाया पदर तोंडात धरून हसत होत्या. मी कपडे झटकून म्हणालो, “अशीच खोरी चालवा! आता बघा, ज्या वेळी तुम्ही...” आणि लगेच खोरी थांबली.

दत्तोपंतांना हॅट परत देताना मी फक्त आभार मानले.

मग महालिंगप्पा. यांचं भूमच्या बाजारात किराणा दुकान. ते म्हणाले, “साहेब, पोटात काही गेल्याशिवाय उत्साह कुठून येणार? शेंगदाणे आन् गूळ द्या की. ताजा गूळ आलाय दुकानात.” त्यांच्या सल्ल्यात आणि त्यांच्या दुकानात जो संबंध होता तो मला तेव्हा दिसला नाही. मी वनमालेनं तिच्या माहेरच्या लग्नाला म्हणून साठवलेल्या पैशांतून शेंगदाणे आणि गुळाचं पोतं आणलं. जो दुपारपर्यंत चांगलं काम करेल त्याला मूठभर, अशी योजना.

दुसऱ्या दिवशी माझ्या कामावर सारं चिंचखोरी हजर. म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, पाटलाचा गडी, एक गोसावी. दुपारपर्यंत सगळे मुठी पसरून रांगेत, आणि प्रत्येकाचं म्हणणं, चांगलं काम मीच केलं. गूळ खाल्ल्यावर सगळ्यांना तहान लागली, सगळे विहिरीवर गेले. उरलेल्या गुळाला मुंग्या लागल्या, आणि मुंग्या लागल्या म्हणून कुणी तिथं बसेना. संध्याकाळी एक शेळी पोत्यात तोंड घालून उभी होती. त्या दिवशी खऱ्या उत्साहानं काम केलं असेल तर तिनंच.

घरी वनमाला म्हणाली, “अहो, तुम्ही एक दिवस घरीच बसता का? नुसतं बघायला, काय होतंय ते.”

“घरी बसलो तर त्यांना सूचना कोण देणार?”

ती चुलीकडं वळली. भाजीत मीठ जास्त पडलं.

बब्रुवान सापडला तो अगदी अवचित. भूमच्या आठवडी बाजारात हलगी वाजत होती आणि हमाल त्या तालावर पोती उतरवत होते. ताल वाढला की पोती वाढत होती. मी तिथंच उभा राहिलो. परभणीचा फळा, पुण्याचे व्याख्याते, पिरॅमिड, सगळं एकदम उमगलं. उत्साह हा सांगायचा नसतो, वाजवायचा असतो!

वाजवणारा बब्रुवान चिंचखोरीचाच निघाला. उंच, शिडशिडीत, मिशीला पीळ. मी त्याला कामावर यायला सांगितलं. तो म्हणाला, “येतो साहेब. पन म्या घमेलं उचलनार न्हाय. हात बिघडत्यात.”

इथून कागदपत्रांचं सुरू झालं. हजेरीपटावर बब्रुवानला काय म्हणून दाखवायचं? बिगारी दाखवावा, तर रामकिसन म्हणाला, “बिगाऱ्यानं बिगार करावी लागती साहेब, उद्या मलाच इचारतील.” मी कचेरीला लिहिलं, कामाच्या ठिकाणी एक हलगीवादक नेमण्यास मंजुरी मिळावी. उत्तर आलं : सदर हलगी ही हत्यारांत मोडते किंवा कसे याचा खुलासा करावा. मी खुलासा केला, हलगी हे वाद्य आहे. उत्तर आलं : वाद्य चामड्याचे असल्यास जनावरांच्या सदराखाली विचार करता येईल काय, हे पाहावे. शेवटी मी बब्रुवानला ‘इशारा देणारा इसम’ म्हणून दाखवला. सुरुंगाच्या कामावर असा एक इसम असतो. आमच्या कामावर सुरुंग नव्हता, पण तसं कुणी विचारलंही नाही.

पहिल्या सकाळी बब्रुवाननं काटक्यांचा जाळ केला, हलगी त्यावर शेकली, चामडं ताठ झाल्यावर बोटानं वाजवून बघितलं. मी भाषणाला उभा राहिलो. “मित्रहो, आज आपण...”

कडाड् कडाड् कडकडाड्!

पुढचं मलाच ऐकू आलं नाही. आणि काय सांगू! टिकाव उठले, टिकाव पडले. घमेली बायांच्या डोक्यांवरून अशी पळू लागली, की द्वारकाबाईचं घमेलं बघत उभं राहणंसुद्धा बंद झालं. तिचं ते घमेलं मी पहिल्यांदाच हलताना बघत होतो. कोणी हसतंय, कोणी ओव्या म्हणतंय, एक म्हातारा गडी टिकावाबरोबर ‘हो-ओ’ असा हाकारा देतोय. दुपारपर्यंत आदल्या अख्ख्या आठवड्याचं काम झालं. मी आनंदानं रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत होतो. अर्थात सूचना चालूच होत्या. हलगीच्या वर आवाज चढवून मी ओरडत होतो, “रामकिसन! डावीकडं उतार ठेव!” रामकिसन कानाला हात लावून, हसून मान डोलवायचा आणि बरोबर डावीकडं उतार ठेवायचा. तो तसाही ठेवणारच होता, हे मला तेव्हा कळलं नाही.

असं सलग काही दिवस चाललं. मी रोज हलगीपेक्षा वरचा सूर लावत होतो, आणि एका सकाळी उठून वनमालेला ‘चहा’ म्हणायला गेलो तर तोंडातून नुसती हवा आली. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा हवा. वनमालेनं माझ्याकडं बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर काळजीच्या जोडीला आणखी काहीतरी होतं, ज्याला मी आजवर नाव दिलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, आठ दिवस एक अक्षर बोलायचं नाही.

त्या दिवशी कामावर मी नुसता बाभळीखाली बसलो. संध्याकाळी मोजमाप घेतलं, तर काम आणखी वाढलेलं. मी त्याचं श्रेय बब्रुवानच्या हलगीवरच्या नव्या चामड्याला दिलं.

त्या आठ दिवसांतच रस्त्याचा मुरूम पडून झाला. राहिली फक्त दबाई, म्हणजे रूळ फिरवून मुरूम घट्ट बसवणं. दबाईचा रूळ परंड्याकडच्या एका कामावर अडकला होता आणि आज येतो, उद्या येतो असं चाललं होतं. डेप्युटी साहेब सोमवारी यायचे होते. म्हणजे रविवार हातात होता. पण रविवारी सकाळी कचेरीचा शिपाई सायकल दामटत आला : साहेब आजच दुपारी येणार, सोमवारी त्यांना उस्मानाबादला बैठक आहे.

मी तसाच निघालो आणि चिंचखोरी गाठलं. रस्त्यावर चिटपाखरू नाही. भुसभुशीत मुरूम उन्हात चमकत पडलेला, जीप गेली असती तर धुऱ्यापर्यंत रुतली असती. रामकिसनच्या पुतणीचं त्या दिवशी लग्न होतं. अख्खी टोळी मांडवात, आणि बब्रुवान अर्थातच तिथंच.

मी मांडवात धावत शिरलो. अंगात घाम, डोळ्यांत घाबरा भाव, तोंडातून आवाज नाही. कुणीतरी म्हणालं, “नवरदेवाचं मुकं मामा आलं वाटतं येडशीहून!” आणि मी हात हलवेपर्यंत दोघांनी मला पाटावर बसवलं, तिसऱ्यानं माझ्या डोक्याला गुलाबी फेटा बांधला, आणि एका म्हातारीनं माझ्या हातात बुंदीची पत्रावळ देऊन माझ्या तोंडावरून हात फिरवला. “लई गरीब हाय बिचारं.” माझी प्रतिष्ठा तशी सोला हॅटबरोबरच गेली होती, पण उरलीसुरली ती या ‘बिचाऱ्या’त गेली.

तेवढ्यात रामकिसन धावला. “आवं, हे आपलं वरसेरसाहेब हायत!”

मी पत्रावळ टाकून उभा राहिलो. हातानं जीप दाखवली. साहेबांची मिशी दाखवली. मग रस्ता दाखवला, आणि रूळ नाही म्हणून दोन्ही पायांनी जमीन दाबून दाखवली. धप् धप् धप्. पुन्हा दाबली. धप् धप् धप्.

“नाचायलेत साहेब!” कुणीतरी ओरडलं.

आणि बब्रुवाननं माझ्या पायांचा ताल उचलला. कडाड् धप्, कडाड् धप्! मांडवातली पोरं उठली, मग बाप्ये उठले. मी हातानं ‘नाही, नाही’ करत होतो, ते त्यांना नाचातलेच हातवारे वाटत होते. मी जीव तोडून वेशीकडं बोट दाखवलं. तेव्हा द्वारकाबाईच्या डोक्यात प्रकाश पडला.

“आगं बया! साहेब म्हनत्यात, रस्ता तुडवायचा! रूळ आला न्हाय!”

त्याच वेळी येडशीकडचं वऱ्हाड सडकेवर गाड्या सोडून थांबलं होतं, मिरवत आणायला कुणी येईल म्हणून. मग काय! सगळा मांडव हलगीमागं निघाला, दीड मैल धप् धप् करत वऱ्हाडापर्यंत गेला, आणि वऱ्हाड घेऊन दीड मैल परत. वऱ्हाडी तर लांबून आलेले, बसून बसून पाय आखडलेले, त्यांनी असे पाय आपटले की काय सांगावं. बाया फुगड्या घालत होत्या. पाणक्यांनी धूळ उडू नये म्हणून घागरी ओतल्या, आणि ओला मुरूम पायांखाली फरशीसारखा बसत गेला. नवरदेवाचं घोडंसुद्धा जागच्या जागी टापा आपटत होतं. कडेला मुरूम भुसभुशीत दिसला की रामकिसन ओरडायचा, “नवरीकडचं डाव्या अंगाला व्हा! नवरदेवाकडचं उजव्या अंगाला!” सगळ्यांच्या पुढं, गुलाबी फेटा बांधून, दोन्ही पायांनी शासकीय दबाई करत, मी. आयुष्यात एवढा मी कधी नाचलो नव्हतो, आणि खरं सांगतो, एवढा खूशही नव्हतो.

मागं भोंगा वाजला. जीप! पण वरातीतून वाट कोण देणार? शेवटी डेप्युटी साहेब खाली उतरले आणि चालत पुढं आले. काठीनं त्यांनी रस्ता ठोकून बघितला. टाच आपटून बघितली. मग हलगी थांबवायला सांगितली आणि सगळ्यांदेखत मला विचारलं, “तडवळकर, हे काम विक्रमी वेळेत झालंय. इतर ठिकाणी मजूर हलत नाहीत. तुम्ही यांच्याकडून काम कसं करून घेतलंत?”

या प्रश्नासाठी मी परभणीपासून तयारी केली होती. उत्तर पाठ होतं. त्यात राष्ट्र होतं, पिरॅमिड होते, रोमन होते. मी छाती भरून तोंड उघडलं.

हवा आली.

सगळं वऱ्हाड माझ्या तोंडाकडं बघत होतं. मी तोंड मिटलं, हात जोडले आणि रामकिसन, द्वारकाबाई, बब्रुवान यांच्याकडं नुसती मान वळवली.

साहेबांनी त्या तिघांकडं बघितलं, पुन्हा माझ्याकडं बघितलं. मग बरोबरच्या कारकुनाला म्हणाले, “बघा. श्रेय दुसऱ्याला, तोंडातून शब्द नाही. असा मितभाषी माणूस आपल्या खात्यात मी पहिल्यांदा पाहिला. यांना कायम करा.”

महिन्याभरात मी कायम झालो. सासरे आले आणि चारचौघांत म्हणाले, “हे आमचे जावई, भूमला असतात.” मधे काहीच नाही! वनमालेनं त्या दिवशी पुरणपोळी केली. दत्तोपंतांनी बाजारभर सांगितलं की ही सगळी हॅटची करामत.

घसा पुरता बरा झाला तेव्हा आम्हाला पुढचं काम मिळालं होतं, ओढ्यावरच्या फरशीच्या पुलाचं. मी थोडा उशिरा पोचलो. बब्रुवान कुठल्याशा लग्नाला गेला होता, हलगी नव्हती, तरी काम धडाक्यात चाललं होतं. मला जरा नवल वाटलं. मी दगडावर उभा राहिलो, घसा साफ केला, आणि माझा जुना, भरदार आवाज ओढ्यात घुमला, “मित्रहो!”

सगळे टिकाव हवेतच थांबले.

रामकिसन जवळ आला. अगदी अदबीनं, हळू आवाजात म्हणाला, “साहेब, घसा आजून दुखत आसंल न्हवं?”

“छे रे! ठणठणीत बरा आहे!”

रामकिसननं मागं वळून सगळ्यांकडं बघितलं. “बरा हाय म्हनं.”

ओढ्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत एक उसासा गेला. द्वारकाबाईनं डोक्यावरचं घमेलं खाली ठेवलं, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, “मंग जा कुनीतरी, बब्रुवानाला बोलवून आना.”